बायपासच्या अलीकडे

स्टेडियम मंजूर झाल्याची बातमी ताईला कोचनं सांगितली. तो दुकानात आला तेव्हा तिच्या टेबलावर बावीस जर्सी पडल्या होत्या, पिवळ्या, काळ्या पट्ट्याच्या, आणि ती त्यांच्या पाठीवर आकडे शिवत होती. सातवर पोचली होती. कोच दारातच चपला घासत उभा राहिला. आनंदाची बातमी आणलेला माणूस असा उभा राहत नाही, म्हणून तिनं मशीन थांबवलं.

"मंजूर झालं," तो म्हणाला. "पाच हजार माणसं बसतील एवढं."

"बरं झालं की."

"हो. फक्त जागा अजून ठरायची आहे. दोन जागा काढल्यात. एक बायपासपलीकडची, वीटभट्टीशेजारची. आणि दुसरी..." त्यानं भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांकडे पाहिलं. "दुसरी तुमच्या भावाची नर्सरी."

ताईनं पुढचा आकडा उचलला, तो हातातच राहिला. कोचनं थोडा वेळ वाट पाहिली, "आकडे शनिवारपर्यंत होतील ना?" असं विचारलं आणि उत्तर न घेताच निघून गेला.

या दोन जागांची नावं एका दमात ऐकून ताईचा हात का थांबला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

शहराचं जुनं मैदान बाजाराला लागून होतं. ते सहा वर्षांपूर्वी बस डेपोला दिलं. ताईचा नवरा बसड्रायव्हर. आपली गाडी जिथे उभी राहते तिथेच पूर्वी पेनल्टीचा ठिपका होता, असं तो एकदा गमतीनं म्हणाला होता. मैदान गेल्यावर क्लबची पोरं बायपास ओलांडून बंद पडलेल्या वीटभट्टीशेजारच्या माळावर खेळू लागली. पोरीही जाऊ लागल्या. त्यांत ताईची एकुलती एक लेक होती.

तिला सगळे भिंगरी म्हणत. चेंडू पायाशी आला की ती जागच्या जागी अशी गिरकी घ्यायची की समोरची पोरगी एकीकडे जायची आणि ही दुसरीकडून पसार. तेरा वर्षांची होती. गुडघे कायम फुटलेले, वेणी कायम सुटलेली. तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी साडेचारला, सरावाला जाताना, बायपासवर तिला ट्रकनं उडवलं. सायकलवर बसलेलीही नव्हती. शिकवलं होतं तसं खाली उतरून, दोन्हीकडे बघून, सायकल हातात धरून चालली होती. एक ट्रक तिच्यासाठी थांबला, ड्रायव्हरनं हातानं 'जा' म्हणून खूण केली. त्याच्या मागून दुसरा बाजू काढून आला.

तिथे सगळ्यात आधी पोचला तो तिचा मामा, ताईचा धाकटा भाऊ. रोपं पोचवून टेम्पो रिकामा घेऊन परत येत होता. रस्त्यावर गर्दी दिसली म्हणून थांबला, आणि आधी त्याला सायकल ओळखू आली. त्यानंच तिला उचललं, मागे रिकाम्या गोणपाटांवर ठेवलं, एका अनोळखी माणसाला गाडी चालवायला सांगितलं आणि स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ताई हॉस्पिटलात पोचली तेव्हा तो बाकावर बसून होता. उठला नाही. नुसतं तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली. टेम्पोतल्या त्या वीस मिनिटांबद्दल ताईनं त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

त्यानंतर ताईच्या नवऱ्यानं डेपोत अर्ज देऊन बायपासचा रूट बदलून घेतला. ताईनं दुकान पंधरा दिवस बंद ठेवलं आणि मग उघडलं. शाळा सुरू व्हायच्या होत्या, गणवेश अडले होते.

आता नर्सरीचं. ती भावाच्या आणि ताईच्या वडिलांनी सुरू केलेली. जमीन नगरपालिकेची, भाडेपट्ट्यानं घेतलेली, पण चाळीस वर्षांत कुणाला ते आठवायचीही गरज पडली नव्हती. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत साडेचार एकर. भावाला शहर 'रोपवाले' म्हणूनच ओळखायचं. गुलाबाला कलमाचा डोळा भरावा तर त्यानंच; शंभरातले पंचाण्णव धरायचे. मागच्या कुंपणाला लागून लिंबाची अकरा झाडं होती, वडिलांच्या हातची. त्यांची फळं कुणी मोजत नसे. त्यांच्या फांद्या घेऊन कलमं बांधायची, आणि त्या कलमांवर सगळी नर्सरी चालायची. निम्म्या शहराच्या अंगणातली लिंबं या अकरा झाडांची लेकरं, असं भाऊ म्हणायचा.

शाळा सुटली की भिंगरी आधी तिथे. वाफ्यांच्या मधल्या वाटेवर चेंडू मारत बसायची. आठवड्याला एखादी तरी कुंडी फुटायची. मामा ओरडायचा, आणि ती तोंड पाडून उभी राहिली की म्हणायचा, "फोड बाई, फोड. मला कुंड्यांच्या तळाला घालायला खापऱ्या लागतातच." मामी आतून म्हणायची, "लाडावून ठेवा अजून."

तर अशा या दोन जागा.

महिन्याभरात शहराचे दोन तट पडले. एक बायपासवाले, एक गाववाले. बायपासवाल्यांचं म्हणणं, पलीकडे मोकळी जमीन आहे, गाड्या लावायला जागा आहे, कुणाला उठवावं लागत नाही, मग घोडं अडलंय कुठे? गाववाले म्हणत, मॅच बघायला काय प्रवासाची बॅग भरून जायचं? म्हातारी माणसं, शाळेतली पोरं कशी जाणार? चहाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांत, सगळीकडे हाच विषय. सख्खे शेजारी एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागले. न्हावी तेवढा मजेत होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की विचारायचा, "भांग कुठे काढू, गावात की बायपासला?" एकदा एकानं चिडून अर्धी दाढी झालेली असतानाच खुर्ची सोडली, तेव्हापासून न्हाव्यानंही मूग गिळले.

ताईला मात्र कुणी तोंडावर काही विचारत नसे. ती आली की बोलणं बदलायचं. तिला ते कळायचं.

जाहीर सभेच्या चार दिवस आधी भाऊ दुकानात आला. दुपारची वेळ होती. तो स्टुलावर बसला, टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवू लागला. त्याच्या नखांत माती होती. ती कायमच असायची.

"ताई, सभेला येणार आहेस?"

"बघू."

"कोच सांगत होता, तुला बोलायला सांगणार आहेत म्हणून."

"सांगतील. मी हो म्हटलेलं नाही."

त्यानं खडू खाली ठेवला. "मी तुला काही सांगायला आलो नाही. तुझा जीव कुठे अडकलाय ते मला कळतं. पण एक सांगतो. बायपासखालून बोगदा काढता येतो. वरून पूल टाकता येतो. रोज तीस-चाळीस पोरं जाणार म्हटल्यावर त्यांना ते करावंच लागेल. माझी झाडं मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत."

"पूल टाकणार म्हणून तीन वर्षांपूर्वी पण सांगितलं होतं," ताई म्हणाली. "हार घेऊन आले होते घरी. टाकला का?"

भावानं टेबलावरचा खडूचा चुरा बोटानं पुसला.

"तुला ते दुसरी जमीन देणार आहेत ना?"

"देणार आहेत. खडीच्या खाणीजवळ. तिथे गवत उगवत नाही." तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मी पन्नाशीला आलोय, ताई. आता पुन्हा पहिल्यापासून नाही जमायचं मला."

"मी बोलणार नाही," ताई म्हणाली. "जा तू. निवांत राहा."

ती हे मनापासून म्हणाली होती. नंतर पुष्कळांना वाटलं की तिनं आधीच ठरवलं होतं. भावजयीला तर शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं. पण तसं नव्हतं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. नगराध्यक्ष, अभियंता आणि कोच व्यासपीठावर होते. अभियंत्यानं दोन नकाशे भिंतीवर लावले होते. आधी बरीच भाषणं झाली. मग भावाला बोलावलं. त्याला बोलायची सवय नव्हती. माईक तोंडाजवळ घ्यावा की लांब धरावा हेच त्याला कळेना. झाडांची संख्या सांगताना तो दोनदा चुकला. शेवटी म्हणाला, "आणि ही जमीन तशी बांधकामाची नाहीच. खाली ओल आहे. भर उन्हाळ्यात हात घातला तरी गार लागते."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग खेळाडूंना बरंच आहे की, गार गार!" हॉलभर हशा पिकला. भाऊ ओशाळून हसला आणि खाली बसला. भावजय मान खाली घालून पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

मग बायपासच्या बाजूनं एक सिमेंटचा व्यापारी उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. तावातावानं बोलता बोलता म्हणाला, "उगाच बायपासचा बाऊ करू नका. एखादी घटना घडते, वाईट वाटतं. पण एका घटनेवरून शहराचा विकास थांबवायचा का?"

ताई उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. माईकही तिच्याकडे नव्हता. पण हॉल इतका चिडीचूप झाला की माईकची गरजच पडली नाही.

"मला स्टेडियममधलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मी कपडे शिवते. या शहरातल्या तीनशे पोरांची मापं माझ्या वहीत आहेत. उंची, खांदा, छाती. दर वर्षी मी जुनं माप खोडते आणि वाढलेलं लिहिते. एक माप तीन वर्षं तेवढंच आहे. मी ते खोडलेलं नाही." तिला जरा थांबावं लागलं. "तुम्ही घटना म्हणालात. तिचा खांदा साडेतेरा इंच होता."

एवढंच बोलून ती बसली.

 नर्सरीची जागा ज्यांना हवी त्यांना नगराध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. हात मोजायचीही गरज नव्हती. सिमेंटच्या व्यापाऱ्यानंही वर केला होता. नर्सरीची जागा ठरली.

ताई खुर्चीतून उठली नाही. आपण काय केलं ते तिला हळूहळू उमगत होतं. लोक उठू लागले, तिच्याभोवती बायका जमल्या. त्या गर्दीतून भाऊ पुढे आला. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. "पाणी पी," तो म्हणाला. ती पीत असेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, पेला परत घेतला आणि गेला.

त्यानंतर अडीच वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

नर्सरी मोकळी करायला तीन महिने दिले होते. पिशव्यांतली रोपं, कुंड्या, हिरव्या जाळ्या, पाण्याचे पाइप, हे सगळं उचलण्यासारखं होतं. गुलाब बरेचसे लोकांनीच नेले. ज्यांनी सभेत हात वर केले होते तेही नेताना दिसत. भावानं कुणाला नाही म्हटलं नाही. प्रश्न लिंबाच्या झाडांचा होता. त्यानं ती हलवायचं ठरवलं. प्रत्येक झाडाभोवती गोल चर खणला, मुळं सुटी केली, ओल्या गोणपाटात बांधली. अकरा झाडांना सोळा दिवस लागले.

ताई एकदा तिथे गेली. दुपारचा डबा घेऊन गेली होती. फाटकाशी भावजय उभी होती, हातात झारी. आत भाऊ पाठमोरा, गुडघ्यापर्यंत खड्ड्यात उतरून मुळांवर पाणी मारत होता.

"कशाला आलात, वन्सं?" भावजय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं.

"डबा आणलाय. काही मदत लागली तर..."

"मदत झाली की तुमची. सगळ्यांसमोर झाली." आणि मग तिचे डोळे भरून आले. "भिंगरी आमची कुणी नव्हती का हो? ती गेली त्या दिवसापासून हा माणूस टेम्पोच्या मागच्या बाजूला चढत नाही. मी चढते, मी माल उतरवते. ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आम्ही नाही उभं राहिलो सभेत सांगायला."

ताईला हे खरंच माहीत नव्हतं. तिनं डबा फाटकाच्या खांबाजवळ ठेवला आणि ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी डबा घासून-पुसून तिच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलेला होता. आतलं कुणी खाल्लं होतं की टाकून दिलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

खडीच्या खाणीजवळ लावलेली झाडं उन्हाळ्यापर्यंत तगली. मग एकेक पानं गाळू लागली. आठ गेली, तीन राहिली, मग तीही गेली. भाऊ रोज पहाटे टँकरपाशी उभा असायचा असं लोक सांगत. नंतर तो जाईनासा झाला.

इकडे नर्सरीवर बुलडोझर फिरला. चारही बाजूंनी पत्रे ठोकले, पत्र्यांवर स्टेडियमचं रंगीत चित्र लावलं. चित्रात प्रेक्षक हात उंचावून उभे होते. त्यानंतर सात-आठ महिने काहीच हललं नाही. आणि मग एक दिवस कोच दुकानात आला. पुन्हा दारातच उभा राहिला.

"जमीन चालत नाही म्हणे," तो म्हणाला. "भोकं पाडून माती तपासली. बारा फुटांखाली सगळा चिखल. जुना ओढा होता तिथे, कधीतरी बुजवलेला. वर गॅलरी बांधली तर खचेल."

ताईच्या हातातली कात्री तशीच राहिली. "मग?"

"मग बायपासपलीकडे. नवीन नगराध्यक्षांनी सही पण केली."

ताई तशीच उठून नगरपालिकेत गेली. दुकानाला कुलूप लावायचं राहिलं. अभियंता जेवायला निघाला होता. त्याला तिनं जिन्यातच गाठलं.

"माती आधी नाही तपासायची?"

"बाई, आधी ठराव होतो, मग तपासणी. ठरावाशिवाय तपासणीला मंजुरी मिळत नाही."

"त्यानं सांगितलं होतं सभेत. जमीन ओली आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्ही व्यासपीठावर होतात."

अभियंत्याला ते आठवत असावं. त्यानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ते तोंडी होतं," तो म्हणाला.

ताई जिन्याच्या पायरीवर बसली. लोक तिच्या बाजूनं चढत-उतरत राहिले. एका शिपायानं विचारलं, "बरं नाही का?" तिनं मान हलवली. रडू आलं नाही. भाऊ हॉलमध्ये ओशाळून हसला होता, तो चेहरा तेवढा डोळ्यांसमोर येत होता.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "तू खोटं काही बोलली नव्हतीस."

"तोही नव्हता बोलला."

त्यानंतर ताईनं बायपासचा नाद धरला. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवून ती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायची. कोच कधी बरोबर असायचा, कधी नसायचा. पूल मागितला, तो 'दुसऱ्या टप्प्यात' गेला. बोगदा मागितला, तर खाली पाण्याची लाइन निघाली. दीड वर्षानं पदरात काय पडलं, तर एक सिग्नल, आणि शाळेपासून थेट स्टेडियमच्या फाटकाच्या आत जाणारी एक बस. रोज दुपारी जायची, सहाला परत. सराव असो नसो, कुणी पोर पायी येता कामा नये, असं तिनं कोचकडून लिहून घेतलं. त्या बसवर ड्युटी मागायला ताईचा नवरा स्वतः डेपोत गेला. का, ते तिनं विचारलं नाही.

स्टेडियम उभं राहिलं. आतलं गवत लावायला ठेकेदाराला माणूस हवा होता. शहरात गवत कळणारा माणूस एकच, आणि त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. भावानं ती नोकरी धरली.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कोपऱ्यांचे चार झेंडे शिवून ताई ते द्यायला गेली. कोच तिला स्कूटरवरून फाटकात सोडून ऑफिसात गेला. मैदान पाहून तिला जरा दबकायलाच झालं. एवढं हिरवं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मधोमध भाऊ उकिडवा बसून बोटांनी गवत विंचरल्यासारखं काहीतरी करत होता. केस पार पिकले होते. ती आत जायला लागली तेव्हा त्यानं न बघताच सांगितलं, "चपला काढ."

अडीच वर्षांनंतरचे पहिले शब्द ते.

ताईनं चपला काढल्या, त्याच्याजवळ गेली आणि गवतावर बसली. 

"धरलंय छान," ती म्हणाली.

"अजून दोन ठिकाणी पिवळं आहे. धरेल."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी तुला म्हणाले होते, सभेत बोलणार नाही."

"हं."

"मला माफ कर असं म्हणायला पण तोंड नाही मला."

भावानं हातातली काडी टाकली. "मला जमिनीचा राग नव्हता, ताई. जमीन नगरपालिकेची. आज ना उद्या गेलीच असती. पण तू तिचा खांदा सांगितलास ना, तेव्हा सगळ्या हॉलनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पोरगीच उठून माझ्या विरुद्ध बोलली. मी तिला बायपासवर ढकलायला निघालोय, असं झालं ते." त्यानं दोन्ही हात पुढे धरले. "मी. मी उचललं होतं तिला."

ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हडकली होती. बऱ्याच वेळानं तिनं, इतक्या वर्षांत न विचारलेलं, विचारलं. "ती काही बोलली होती का रे? गाडीत?"

"नाही. शुद्ध नव्हती." मग त्यानं विचार करून सांगितलं, "पण हात गरम होता. हॉस्पिटल येईपर्यंत गरम होता. मी सोडला नाही."

ताई तिथेच, चपला काढलेल्या पायांनी, गुडघ्यांत डोकं घालून रडली. भाऊ तिच्याशेजारी बसून राहिला. कोच लांबून आला, दोघांना पाहून मागे फिरला.

उद्घाटनाला ताई गेली नाही. नवरा बस घेऊन गेला होता. परत आला तेव्हा तिनं विचारलं, "कोण जिंकलं?" तो म्हणाला, "कुणास ठाऊक. मी खाली उतरलोच नाही. पोरं मोजत बसलो होतो."

आता सगळं मिटलं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. गवत लावून झाल्यावर ठेकेदाराचं काम संपलं, आणि मैदान राखायला नगरपालिकेनं स्वतःचा पगारी माणूस नेमला. भावाला दुसऱ्या शहरात, एका मोठ्या मैदानावर तशीच नोकरी मिळाली. नवरा-बायको दोघं सामान बांधून निघाले. ताई त्यांना सोडायला बसपर्यंत गेली. भावानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ती थोरली असूनही. भावजय आधीच आत जाऊन खिडकीशी बसली होती. ताईनं खालून तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. वाईट नजर नव्हती, पण काच खाली केली नाही.

नर्सरीच्या जागेवर अजून पत्रे आहेत. चित्र उन्हानं पांढरं पडलंय. आत काय करायचं ते ठरायचं आहे. भाजी मंडई म्हणतात कुणी, कुणी वाहनतळ म्हणतात. त्यावरूनही दोन तट पडू लागलेत.

भावाचा फोन दर रविवारी येतो. तिकडे पाऊस किती, इकडे किती, दाजींचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, असं बोलणं होतं. मागे भांड्यांचा आवाज येत असतो. ताई दर वेळी म्हणते, "दे ना जरा तिला."

तो फोनवर हात ठेवून काहीतरी विचारतो. मग म्हणतो, "कामात आहे गं ती. सांगतो मी तिला, तू विचारलंस म्हणून."

"सांग," ताई म्हणते. "नक्की सांग."